चुंबक धरत नाही

उद्यमनगर, कोल्हापूर
१४ जानेवारी २०२५

चि. संयू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्यानं लिहीत बसत नाही. तुझी आई विचारते, हातात फोन असताना पिराजी पत्रं कशाला खरडतो. तिला म्हटलं, आक्का, सगळी उमर ग्राइंडरपाशी उभं राहिलेल्या माणसाला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तो आपल्या सोयीनं ऐकतो. कामाच्या बाबतीत ते परवडत नाही. म्हणून कागदावर लिहितो आणि त्याचा फोटो धाडतो. तूही हातानंच लिही. भाचीचं अक्षर दिसलं की खरं वाटतं.

तुमच्या यंत्राची चौकट आज पेटीत बंद करून रवाना केली. अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढली आहे, कुठं वेल्डिंग नाही, कुठं जोड नाही. कोपऱ्यातली गोलाई मी स्वतः हातानं साफ केली. आमचा कारागीर नईमभाई मशीनवर होता. चौथ्यांदा माप घेतलं तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, माझ्या शाहिस्ताच्या लग्नात जावयाच्या शेरवानीचं बी एवढं माप घेतलं न्हवतं." म्हटलं, शेरवानी ढिली झाली तर जावई खपवून घेतो, न्यूट्रॉन घेत नाही.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तुम्ही 'नॉन-मॅग्नेटिक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. आमच्याकडं त्याची परीक्षा एकच. चुंबक धरतं का. जुन्या स्पीकरमधलं मोठं चुंबक घेऊन मी चौकटीवरनं इंच न् इंच फिरवलं. कुठंही धरत नाही.

एक गोष्ट मात्र ड्रॉइंगच्या पलीकडं जाऊन केली आहे. काय ते सांगणार नाही. गुऱ्हाळावर काकवी मोजून झाली की वरून एक पळी घालतात. ती मोजत नाहीत आणि बोलूनही दाखवत नाहीत. माझ्याकडनं गेलेल्या प्रत्येक कामात अशी एक पळी असतेच. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही, फक्त वस्तू बिघडत नाही.

पोचल्यावर कळव. पेटी उघडताना स्क्रू फिरवून काढा, पहार घालू नका. तिकडं परदेशातही लोक घाईचे असतात असं ऐकून आहे.

पिराजी मेतके

*

२ फेब्रुवारी २०२५

मामा,

पेटी पोचली. पहार घातली नाही.

तुम्ही मागं फोनवर विचारलं होतं की हे यंत्र नेमकं करतं काय. आईला मी "चुंबकाचा एक्स-रे" असं सांगून वेळ मारून नेली होती. तुमच्यापुढं तसं चालणार नाही.

काही पदार्थांच्या पोटात प्रत्येक अणू म्हणजे एक बारकं चुंबक असतं. साध्या लोहचुंबकात या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. आम्ही अभ्यासतो त्या पदार्थांत तसं नसतं. एक थर थोडा वळलेला, त्याच्या पुढचा आणखी थोडा, असा गोल जिना चढत जावा तसं. हा जिना उजवीकडं वळतो की डावीकडं, हे साध्या तपासणीत कळत नाही. म्हणून न्यूट्रॉन सोडायचे. प्रत्येक न्यूट्रॉन म्हणजे होकायंत्राची एक सुई समजा. आधी सगळ्या सुया एका दिशेला करून घ्यायच्या, मग पदार्थातून जाऊ द्यायच्या आणि बाहेर आल्यावर कुठली किती वळली ते मोजायचं.

समजा महाद्वार रोडवरून एक माणूस हातात निशाण धरून चालला आहे. निशाणाचं तोंड देवळाकडं. मध्येच तो एका दुकानात शिरला, आणि बाहेर आला तेव्हा निशाण फिरलेलं होतं. तर ते दुकानातच कुणीतरी फिरवलं असं आपण म्हणू. पण रस्त्यातच कुणाचा धक्का लागला असेल तर? मग दुकानाबद्दल आपल्याला काहीच कळलं नाही. तुमची चौकट म्हणजे त्या दुकानापुढचा रस्ता. तिथं धक्का लागता कामा नये.

चौकटीवर बसणाऱ्या तांब्याच्या कॉईल आमचा यान गुंडाळतो. साठीला आलेला तंत्रज्ञ आहे, बोलणं जवळजवळ नाही. त्यानं चौकट हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि "हं" म्हणाला. बाकीचे माझ्याकडं बघायला लागले. मागाहून कळलं की यानचं "हं" मिळायला इथं लोकांना वर्षं लागतात.

एक सांगायचं राहिलं. तुमचं वर्कशॉप मी सुचवलं, पण तुम्ही माझे मामा आहात हे इथं कुणाला सांगितलेलं नाही. आडनाव वेगळं, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. इथं नात्यातल्या माणसाला काम द्यायचं तर आधी तसं लेखी कळवावं लागतं. आणखी दोघांचे नमुने मागवले होते, त्यांत तुमचाच सरस होता. तेव्हा खोटं काही घडलेलं नाही. माझी नेमणूक जुलैपर्यंत आहे आणि पुढं ठेवायचं की नाही ते मेमध्ये ठरेल, याच यंत्राच्या मोजणीवरून. तोवर तुम्हीही तिकडं फार बोलू नका.

संयोगिता

*

उद्यमनगर, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. संयू,

फार बोलू नका म्हणतेस. उशीर झाला.

शेजारच्या फाउंड्रीचा विजयसिंह यंदा महापालिकेला उभा राहायचं म्हणतोय. त्यानं चौकात फ्लेक्स लावलाय. "उद्यमनगरचे भूषण पिराजी मेतके यांनी परदेशात न्यूट्रॉन बनवून पाठविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." मधोमध त्याचा फोटो, खाली त्याच्या कार्यकर्त्या पोरांचे, कोपऱ्यात माझा, पासपोर्टएवढा. मी त्याला म्हटलं, "आरं, न्यूट्रॉन न्हाय बनवला, न्यूट्रॉनची चौकट बनवली."

तर म्हणतो, "पिराजीराव, चौकट लिहिलं तर लोकांस्नी दाराची वाटंल की!"

चहाच्या गाड्यावर आता मला न्यूट्रॉन म्हणून हाक मारतात. मी ओ देत नाही. पण ऐकू येतं.

निशाणाचं उदाहरण समजलं. यानला माझा नमस्कार सांग. कडेवरून अंगठा फिरवणारा माणूस मला कळतो.

नातं लपवलंस ते मात्र पटलं नाही. हे काही घरच्या लग्नात पंगत वाढणं नव्हतं, मी रीतसर नमुना करून धाडला होता. मामा म्हणून काम मिळालं असं कुणी म्हणू नये, हा तुझा हिशेब. आता मामा असल्याचं लपवून काम मिळालं असं झालंय. दोन्हींत माझं काम कुठं राहिलं? तू शिकलेली आहेस, तिथल्या रीतीभाती तुला ठाऊक. मी दहावीनंतर जे शिकलो ते रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर आणि स्वतःच्या बोटांवर. तरी सांगतो, विचारतील त्या दिवशी सरळ सांगून मोकळी हो.

आक्काचा गुडघा तसाच आहे. डॉक्टर म्हणाले, जिना टाळा. मी म्हटलं, तिची पोरगी तिकडं जिनेच मोजतीय.

पिराजी मेतके

*

२३ मार्च २०२५

मामा,

मोजणी सुरू झाली आणि जमत नाही.

पहिली मोजणी पदार्थ न ठेवताच करतात. रस्ता मोकळा, दुकान बंद. शंभर निशाणं सोडली तर नव्व्याण्णव तरी जशीच्या तशी पलीकडं पोचायला हवीत. आमची नव्वदच्या आसपास पोचतात. हे असंच राहिलं तर जिन्याबद्दल आम्ही जे काही म्हणू त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

सगळ्यांचा संशय कॉईलवर आहे. गुंडाळण्यात एक वेढा जरी इकडचा तिकडं झाला तरी असं होऊ शकतं. आमच्या प्रमुख बाईंनी यानला दोनदा कॉईल उलगडायला लावल्या. दुसऱ्या वेळी त्याचे हात कापत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मला एकच विचारायचं आहे, आणि रागावू नका. चौकटीला कुठं लोखंडाचा स्पर्श झाला असेल का? तारेचा ब्रश, आधी पोलादावर चाललेलं हत्यार, ग्राइंडरची उडालेली धूळ? ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यात असे कण रुतून बसतात.

प्रमुख बाईंनी मला सरळ विचारलं, "या वर्कशॉपबद्दल तुझी खात्री आहे ना?" मी हो म्हटलं.

संयोगिता

*

उद्यमनगर, कोल्हापूर
२७ मार्च २०२५

संयोगिता,

रागावू नका असं लिहून जे विचारतात, ते राग येणार हे ठरवूनच विचारतात.

ऐक. तुमच्या कामासाठी कटर नवे आणले, डबा माझ्यासमोर फुटला. ते कटर पोलादाला लागलेले नाहीत, आजही वेगळ्या खणात आहेत. मशीनचं पाणी बदललं, टाकी धुतली. मशीन उघडून कोपऱ्यातला जुना कीस नईमभाईनं ओल्या फडक्यानं काढला. तारेचा ब्रश त्या दिवसांत मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता, कारण मला माणसांच्या सवयी ठाऊक आहेत. ग्राइंडर बंद. शेजारच्या फाउंड्रीचा धूर येतो म्हणून खिडकीला ओलं पोतं. चौकट कापडावर ठेवली, कापडात गुंडाळली. कडा मी लाकडाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून साफ केल्या. आणि शेवटी चुंबक. वरून, खालून, बाजूनं, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी. चुंबक कुठंही धरलं नाही. मी स्वतः फिरवलं, दुसऱ्या कुणावर सोडलं नाही.

आणखी काय हवंय? शपथ घेऊ?

कापणारे हात माझ्याकडचे नाहीत. तुमच्या यानला विचारा. माणूस चांगला असेल, अंगठा फिरवत असेल, पण साठीला आल्यावर डोळ्याला तार दिसते एक आणि असते दोन. मी हे वाईटानं लिहीत नाही. मलाही चष्मा लागलाय.

तू "हो" म्हणालीस ते बरोबर केलंस.

पिराजी मेतके

*

२० एप्रिल २०२५

मामा,

सापडलं. कॉईलच्या एका जोडात दोष होता. दुरुस्त केला. आता मोजणी नव्व्याण्णवच्या वर जाते आहे आणि प्रमुख बाई खूश आहेत. तुमची चौकट निर्दोष आहे. मी उगाच विचारलं, मनावर घेऊ नका.

पुढच्या यंत्रासाठी अशीच दुसरी चौकट लागेल, ड्रॉइंग पाठवतील. रचनेत थोडा बदल आहे, तेव्हा त्या वेळी बोल्टच्या भोकातल्या आट्यांमध्ये काही बसवू नका. साधेच आटे पाडा.

आईला सांगा, मी बरी आहे. घाईत आहे.

संयोगिता

*

उद्यमनगर, कोल्हापूर
२६ एप्रिल २०२५

संयोगिता,

आट्यांमध्ये मी काही बसवलं आहे, हे तुला कुणी सांगितलं?

मी सांगितलेलं नाही. नईमभाईलाही ठाऊक नाही, ते काम मी तो जेवायला गेल्यावर केलं. ॲल्युमिनियमचे आटे मऊ. बोल्ट चारदा काढला-घातला की झिजतात आणि मग बोल्ट नुसता फिरत राहतो. म्हणून प्रत्येक भोकात स्टेनलेसच्या तारेची बारीक स्प्रिंग बसवली, आट्यावर आटा. वरून दिसू नये म्हणून एक वेढा आत दाबली. तीच ती वरची पळी. बोल्ट काढून भोकात बॅटरी मारून बघितल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही. आणि जिथं काही दुखत नाही तिथं बॅटरी मारून कोण बघतं?

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग पाकिटातली उरलेली स्प्रिंग काढली. स्पीकरचं चुंबक लावलं, धरलं नाही. नईमभाईच्या शाहिस्ताकडं एक बंद पडलेला कॉम्प्युटर होता, त्याच्या हार्डडिस्कमधलं चुंबक काढलं. नखाएवढं, पण बोट चिमटीत सापडलं तर रक्त काढणारं. ते दोऱ्यानं टांगलं, पंखा बंद केला, आणि स्प्रिंग जवळ नेली.

चुंबक वळलं.

तार न तापवता, थंडच ओढून केलेली असते. ओढताना स्टेनलेसचा पोत बदलतो आणि त्यात थोडं चुंबकपण उतरतं. हे मला कुणी शिकवायला नको, माझ्याकडच्या पुस्तकात आहे, त्या ओळीखाली माझी पेन्सिलीची रेघ आहे. वाचलं होतं. हाताला ठाऊक नव्हतं. माझ्या हाताला 'धरत नाही' म्हणजे 'नाही'.

म्हणजे तुझी निशाणं माझ्या स्प्रिंगांनी फिरवली. हे तुला सापडलं, तू त्या काढल्यास आणि मला लिहिलंस की चौकट निर्दोष आहे. मी तुझा मामा आहेच. आणखी बनवायची गरज नव्हती.

आता दुसरं. मला 'कॉईलच्या जोडात दोष' लिहिलंस. तिकडं काय सांगितलंस?

पिराजी

*

१ मे २०२५

मामा,

तिकडंही तेच सांगितलं.

एका रविवारी कुणी नव्हतं तेव्हा मी चुंबकत्व मोजायची काडी घेऊन चौकटीवरून फिरवली. मोकळ्या भागावर काही नाही, आणि प्रत्येक बोल्टपाशी काटा हलायचा. मला वाटलं बोल्टच खराब. काढला, तरी हलतोच. मग बॅटरी मारली. स्प्रिंगा इतक्या नीट बसवलेल्या होत्या की काढताना मला रडू आलं. मी त्या काढल्या, काशाच्या घातल्या, बोल्ट परत लावले. ते सुरुवातीलाही मीच लावले होते, म्हणून यानला कधी काही दिसलं नाही. सोमवारी मोजणी बरोबर आली. सगळे विचारायला लागले, काय केलंस? आणि माझ्या तोंडून निघालं, "एका जोडाला परत डाख दिला."

खरं सांगायचं तर वर्कशॉपचं नाव येणार. वर्कशॉपचं नाव आलं की ते कुणाचं हे येणार. मेची बैठक तोंडावर होती. आणि तुमचं २७ मार्चचं पत्र मी छापून टेबलावर ठेवलं होतं. शपथ घेऊ का, असं विचारलं होतंत तुम्ही. मी ते वाचून घाबरले, मामा. तुम्हाला नाही, तुम्हाला सांगण्याला.

यान माझ्याकडं आला आणि त्यानं माझी माफी मागितली. म्हणाला, जोड त्यानं दोनदा तपासला होता आणि दोन्ही वेळा त्याला चांगला दिसला, म्हणजे त्याची नजर गेली. त्यानं स्वतःहून कॉईलचं काम सोडलं. आता तो गोदामात नळ्या आणि नट मोजतो. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता, यंदाच होतो म्हणतोय.

मी त्याला काही बोलू शकले नाही. रोज ठरवते.

बैठक ठरल्यापेक्षा आधी, परवाच झाली. माझी नेमणूक तीन वर्षांनी वाढवायची शिफारस केली आहे. सही व्हायची आहे.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, तरी म्हणा.

संयोगिता

*

उद्यमनगर, कोल्हापूर
५ मे २०२५

संयू,

माहीत असेल तर थोडक्यात लिहितो.

ती चूक माझी आहे. दुसऱ्याच्या नावावर ती चढवायला मी परवानगी दिलेली नाही. माझ्या कामाचं श्रेय कुणी घेतलं असतं तर मी भांडलो असतो की नाही? तसंच हे.

मार्चमध्ये मी त्या माणसाच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. तुला लिहिलं, त्याला नाही, पण लिहिलं. आणि आता तोही तेच म्हणतोय स्वतःबद्दल.

या खेपेला फोटो नाही, इंग्रजीतला एक कागदच तुला कुरिअरनं धाडतोय. मी काय बसवलं, कुठं बसवलं, ड्रॉइंगमध्ये नसताना बसवलं, कुणाला न विचारता बसवलं, आणि त्यानं काय होतं. खाली सही, शिक्का, आणि संयोगिता ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, असं एक वाक्य. स्पेलिंग शाहिस्ताकडनं तपासून घेतलं, ती कागलच्या शाळेत शिकवते. म्हणाली, "चाचा, सॉरी कुठंच लिहिलं न्हाय तुम्ही."

म्हटलं, "सॉरी नको. काय बिघडलं आन् कुणी बिघडवलं, एवढं बास हाय."

"मग उद्धट वाटतंय की."

"असू दे. खोटं तर वाटत न्हाय?"

तुमच्या ऑफिसचा पत्ता माझ्याकडं आहे, पेटीवर मीच घातला होता. तरी मी हा कागद थेट धाडत नाही. तुझ्या हातात देतो. तू दिला नाहीस तर मी तुला डावलून जाणार नाही. नोकरी तुझी आहे, ती घालवायचा हक्क मला नाही. पण मग मला पत्र लिहू नकोस. आक्काला फोन कर, तिच्याकडनं खुशाली कळेल तेवढी पुरे.

फ्लेक्स मी शिडी लावून उतरवला. विजयसिंह धावत आला, "काय करताय ओ? इलेक्शन व्हायचीय अजून!" म्हटलं, तुझा फोटो कापून देतो, माझा ठेवून घेतो. नईमभाईला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, मला जेवायला घालवून केलंत व्हय काम?" त्याला चुकीपेक्षा या गोष्टीचाच राग जास्त आला.

मामा

*

२४ मे २०२५

मामा,

कागद दिला. उशिरा दिला. आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरत होते.

प्रमुख बाईंनी वाचला, मग यानला बोलावलं आणि त्याच्या हातात दिला. यान हळू वाचतो. वाचून झाल्यावर त्यानं शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, म्हणजे हा माणूस तुझा नेमका कोण? इथल्या भाषेत काका, मामा सगळ्यांना एकच शब्द आहे. तो मी वापरला. त्याला पुरेसं वाटलं नाही. मग सांगितलं, आईचा भाऊ.

प्रमुख बाई म्हणाल्या, स्प्रिंगा ही चूक आहे, चुका होतात. पण तू दुरुस्ती लपवलीस आणि तुझ्यासमोर एका माणसानं स्वतःला दोष दिला तरी गप्प राहिलीस. मोजणाऱ्या माणसानं असं केलं तर त्याच्या मोजणीचं आम्ही काय करायचं?

नेमणूक वाढवायची शिफारस मागं घेतली. जुलैअखेर मी इथून मोकळी. तुमचं वर्कशॉप यादीतून काढलं आहे. दुसरीकडं दोन ठिकाणी अर्ज केलेत, पण विचारणा इथंच होणार, तेव्हा फार आशा नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

यान कॉईलच्या टेबलावर परत आला. माझ्याशी बोलत नाही. मी सकाळी नमस्कार करते, तो मान हलवतो. काढलेल्या स्प्रिंगा त्यानं मागून घेतल्या, भिंगाखाली बघितल्या आणि खिशात टाकल्या.

काल त्यानं माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. वर लिहिलं होतं, तुझ्या आईच्या भावासाठी. काशाच्या स्प्रिंगाही त्याला नको आहेत, ज्याची गरज नाही ते आत नकोच असं त्याचं म्हणणं. तो विचारतो, ॲल्युमिनियमच्या नुसत्या आट्यात बोल्ट वारंवार काढायचा-घालायचा असेल तर तुम्ही काय कराल? उत्तर माझ्या हस्ते चालेल, असं लिहिलंय.

संयोगिता

*

उद्यमनगर, कोल्हापूर
१ जून २०२५

चि. संयू,

आधी यानचं उत्तर, कारण त्याचं काम अडलंय.

त्याला सांग, आटे खोल पाडायचे, बोल्टच्या जाडीच्या दुपटीनं तरी. तेवढी जागा चौकटीत आहे, मी ड्रॉइंगवर परत मोजून बघितलं. बोल्ट पितळी. लावताना पाना घ्यायचाच नाही. बोटांनी फिरवायचा, आणि बोटांना लागला असं वाटलं की सोडून द्यायचा. आणखी पाव फेरा मारावासा वाटतो, आपलं काम पक्कं व्हावं म्हणून. तो पाव फेराच आटे खातो. हे मी त्याला शिकवत नाही, त्याला ठाऊक असणार. त्यानं विचारलं म्हणून लिहिलं.

डोळ्यांबद्दल मी जे लिहिलं होतं ते त्याला सांगायचं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. न सांगणं सोपं आहे, त्यामुळं सांगावं असं वाटतं. हे पत्र पुरं करून त्याच्यासाठी वेगळा कागद करतो. मराठीत लिहीन, तू त्याच्या भाषेत करून तोंडानं वाचून दाखव. तो तुझ्याशी बोलत नसला तरी ऐकेल.

यादीतून काढलं ते योग्यच केलं. मी असतो तर मीही काढलं असतं. तुझ्या प्रमुख बाईंनी जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि तुला धीर द्यायला म्हणून एखादं बनवून पाठवणार नाही. नोकरी गेली हे वाईट झालं. माझ्यामुळं गेली, तुझ्यामुळंही गेली. किती कुणामुळं ते मी मोजायला बसलो होतो, आणि मापच लागेना.

इकडं यायचं तर ये. वर्कशॉपात टेबल आहे, खुर्ची आहे, पण तुझ्या जोगं काम नाही. ते आहे असं मी म्हणणार नाही. अर्जांचं काय होतं ते बघ. विचारणा तिथंच होईल म्हणतेस, तर होऊ दे. त्यांनी खरं सांगितलं तरी ज्याला तू हवी असशील तोच तुला घेईल.

तुझं काय ठरतंय ते आक्काला कळायच्या आधी मला कळव, म्हणजे मी तिला समजेल असं बेतानं सांगतो. गुडघा दुखतोय, त्यात हे नको.

नाही. तसं नको. वरची ओळ खोडली असती, पण राहू दे, तुला दिसू दे.

आक्काला आधी कळव. आजच फोन कर आणि सगळं सांग, स्प्रिंगांसकट. मला मागनं कळलं तरी चालंल.

मामा